वस्तुसंग्रहालयाचे उत्पन्न आणि दायकांच्या जोडलेल्या नोंदी

विनयपिटकातील महावग्गाचा आठवा खंधक म्हणजे चीवरक्खंधक. जीवक वैद्याच्या विस्तृत कथेने त्याचा आरंभ होतो, आणि बहुसंख्य वाचक ती कथा वाचून ग्रंथ मिटतात. परंतु त्याच खंधकात पुढे एक अगदी लहान, वरवर पाहता कारकुनी वाटावी अशी हकीगत आली आहे. लोक चीवरासाठी वस्त्रे घेऊन आरामात येत. ती स्वीकारणारा कोणी भेटत नसे. मग ते आणलेली वस्त्रे घेऊन परत जात, आणि संघाला चीवरे अल्प मिळत. यावर भगवंतांनी संघाला 'चीवरपटिग्गाहक', म्हणजे चीवरे स्वीकारणारा भिक्षू, रीतसर नेमण्याची अनुज्ञा दिली. त्याच्या अंगी पाच गुण हवेत. छंद, दोष, मोह आणि भय या चार कारणांनी तो पक्षपात करणारा नसावा, आणि काय स्वीकारले व काय स्वीकारले नाही हे त्याला ठाऊक असावे. पुढे असे झाले की, स्वीकारणारे भिक्षू वस्त्रे घेऊन तेथेच टाकून जात आणि ती नष्ट होत. म्हणून 'चीवरनिदहक' आला. नंतर भांडारगृह आणि त्यावर 'भंडागारिक' आला.

या हकीगतीत लोकांची श्रद्धा कोठेही कमी पडलेली नाही. देणारे दारापर्यंत आलेले आहेत. स्वीकारण्याची व्यवस्था तेवढी नाही. आमच्या मते आपल्या समाजाच्या आस्थेवर उभ्या असलेल्या वस्तुसंग्रहालयांचे आजचे दुखणे नेमके हेच आहे. पुण्यात सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक १९९६ साली उभे राहिले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी जपलेल्या वस्तू आहेत. त्याशिवाय विहारांच्या एखाद्या खोलीत मांडलेली छायाचित्रे, पत्रे, जुन्या नियतकालिकांचे अंक यांचे लहान संग्रह गावोगावी आहेत. कापड, कागद आणि लाकूड टिकवायचे तर दमटपणा, वाळवी आणि ऊन यांच्याशी दररोज झुंजावे लागते, आणि त्यासाठी दरवर्षी, दरमहा पैसा लागतो. एखाद्या जयंतीला जमलेली मोठी वर्गणी त्याला पुरत नाही. शासकीय संग्रहालयांचा प्रश्न निराळा आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही.

आता स्वीकारण्याची व्यवस्था नाही म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे गाव आहे. तेथील एक शिक्षक चाळीस विद्यार्थ्यांची सहल घेऊन पुण्याच्या एखाद्या संग्रहालयात आले, असे समजा. तिकीट खिडकीवर त्यांची नोंद 'शाळा, ४०' एवढीच झाली. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी सुंदर अक्षरात दहा ओळी लिहिल्या आणि खाली गावाचे नाव घातले. त्यांच्या पत्नीने दाराजवळच्या फलकावरील चौकोनी चिन्ह भ्रमणध्वनीवर टिपून ५०१ रुपये दिले. बँकेच्या उताऱ्यात ते इंग्रजी आद्याक्षरांनी नोंदले गेले. ग्रंथविक्रीच्या टेबलावर त्यांनी सातशे रुपयांची पुस्तके घेतली. त्या पावतीवर नाव लिहिण्याची रीतच नाही. त्यांचा मुलगा पुण्यात शिकतो आणि ६ डिसेंबरला त्याच संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. त्याचे नाव तिसऱ्याच कोणाच्या भ्रमणध्वनीत आहे.

एकाच घराने एका वर्षात संग्रहालयाला पाच प्रकारे हात दिला, आणि पाच ठिकाणी ते पाच अनोळखी जण झाले. परिणाम काय होतो तो पाहा. पुढल्या वर्षी संग्रहालय आजीव सदस्यत्वाचे आवाहन काढते. ते स्वयंसेवकांच्या यादीवर जाते, म्हणजे ज्याच्या खिशात वसतिगृहाच्या भोजनालयाचेही पैसे नाहीत त्या मुलाकडे. ज्या शिक्षकांनी १४ एप्रिलला अख्ख्या वस्तीची वर्गणी गोळा करून आणली असती, त्यांना कोणीच विचारीत नाही. ज्या बाईंनी ५०१ रुपये दिले त्यांना पावती नाही, आभाराचे दोन शब्द नाहीत, त्या पैशाचे काय झाले हे कळविणे तर दूरच. त्या आपल्या मनाशी समजतात की, आपले देणे कोणाच्या लक्षातही आले नाही. विनयातील ते लोक वस्त्रे घेऊन परतले, तशाच त्या परतल्या.

'जोडलेल्या नोंदी' या शब्दांनी आम्हाला एवढेच अभिप्रेत आहे की, तिकीट, सदस्यत्व, देणगी, ग्रंथखरेदी आणि श्रमदान या पाच वह्यांतील माणूस एकच आहे हे संस्थेला कळावे. त्यासाठी प्रत्येक हितचिंतकाला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा आणि पाचही वह्यांत तो लिहावयाचा. मोठ्या संग्रहालयांत हे काम संगणकाच्या खास प्रणाली करतात. लहान संस्थेला एक साधी तक्तेवही, संगणकावरची किंवा कागदाचीही, पुरते. हे काम यंत्रापेक्षा शिस्तीचे अधिक आहे.

यातून उत्पन्न वाढते ते कसे? अधिक लोकांकडे अधिक वेळा हात पसरून वाढते, असा एक समज आहे. खरे कारण वेगळे आहे. समजा, एका संग्रहालयाचे ५०० कुटुंबे हितचिंतक आहेत आणि प्रत्येक कुटुंब वर्षाला ६०० रुपये देते. पावती नाही, आठवण नाही, हिशेब नाही, अशा स्थितीत दर वर्षी शंभरातील चाळीस गळाले, तर पाचशेचे तीनशे, तीनशेचे एकशे ऐंशी, आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०८ कुटुंबे उरतात. तीच गळती शंभरात वीसवर आणता आली, तर तिसऱ्या वर्षाअखेर २५६ उरतात. फरक १४८ कुटुंबांचा, म्हणजे त्या एका वर्षात ८८,८०० रुपयांचा. हे आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण गणिताचा रोख खरा आहे. नवा दाता शोधण्यापेक्षा जुना टिकविणे स्वस्त पडते, आणि जुना टिकतो तो त्याला ओळखले म्हणून. शिवाय ओळख असली की योग्य वेळी योग्य गोष्ट विचारता येते. वरील शिक्षकांना सदस्यत्वाऐवजी पुढील सहलीचे मार्गदर्शकासह निमंत्रण द्यावे. कापूस विकून घरात पैसा येतो त्या दिवसांत गावाला पत्र जावे, पेरणीच्या तोंडावर जाऊ नये. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे संग्रहालये बंद झाली आणि तिकिटांचे उत्पन्न एका दिवसात थांबले. ज्यांच्यापाशी आपल्या माणसांची नीट यादी नव्हती, त्यांना त्या काळात लिहावयाचे तरी कोणाला?

परदेशात या विचाराची एक धीट चाचणी झाली. अमेरिकेतील डॅलस कलासंग्रहालयाने जानेवारी २०१३ मध्ये सर्वसाधारण प्रवेश निःशुल्क केला आणि त्यासोबत सदस्यत्वाची एक मोफत योजना काढली. सदस्याने पैशाऐवजी आपली माहिती द्यावयाची, आणि तो कोणत्या दालनात, किती वेळा येतो याची नोंद संग्रहालयाने ठेवावयाची. तिकिटाचे पैसे सोडून माहिती घेणे, आणि त्या माहितीच्या बळावर मोठ्या देणगीदारांना आपल्या कामाची व्याप्ती दाखविणे, असा तो हिशेब होता. आमच्याकडे त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही. परंतु माहितीला पैशाइतकेच मोल असते हे त्यावरून ध्यानात येते.

वाचक म्हणतील, ही पद्धत परकी आहे. पश्चिम भारतातील लेणी पाहणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर पतिठान, म्हणजे आजच्या पैठणच्या दायकांची नावे आहेत. कुंभार पिंपळगावाच्या पश्चिमेला, याच गोदावरीच्या खोऱ्यात पैठण आहे. एक स्तंभ मितदेव गंधिकाच्या कुळाचा, दुसरा संघकाच्या पुत्रांचा. शेजारच्या विहारात मगिल या राजवैद्याचा लेख आहे, त्याची मुलगी दत्ता हिचा आहे आणि मुलगा दत्तक याचाही आहे. नाव, गाव, व्यवसाय, नाते आणि दिलेली वस्तू इतक्या गोष्टी दोन ओळींत आल्या आहेत. त्यांतील नात्याच्या उल्लेखामुळे आपण आज, दोन हजार वर्षांनंतर, वेगवेगळे लेख जोडून एका वैद्याचे घर पुन्हा उभे करू शकतो. दत्ता स्वतःच्या नावाने उभी आहे, हेही पाहण्याजोगे आहे. आमच्या आजच्या पावतीपुस्तकांत पैसे बाईंनी द्यावेत आणि पावती त्यांच्या यजमानांच्या नावे फाटावी, हा प्रकार सर्रास चालतो. नोंद जोडावयाची तर आधी ती खऱ्या दायिकेच्या नावाने झाली पाहिजे.

नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, तो तर हिशेबाचा आदर्श म्हणावा असा आहे. वर्ष ४२ मध्ये त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. मुद्दल कधी परत द्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४० होते; वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, असा तो मेळ बरोबर बसतो. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असे लेखच सांगतो. दाता, रक्कम, ठेवीदार श्रेणी, दर, हेतू, लाभार्थी आणि साक्षी सभा अशी ही जोडलेली नोंद आहे. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमा दिल्या आहेत. त्यांतील १,००० कार्षापण 'कुलरिक' श्रेणीकडे होते. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, असे अभ्यासक मानतात. गावाच्या नावातच कुंभार असलेल्या ठिकाणच्या वाचकांना हे सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो.

येथवर सारे सोपे आहे. अवघड भाग पुढे आहे. ज्याच्या हाती माणसांची जोडलेली माहिती आली, त्याच्या हाती त्या माणसांवरील सत्ताही थोडी आली. या सत्तेला मर्यादा कोणत्या, हा प्रश्न विनयाने फार बारकाईने हाताळला आहे.

सावत्थीतील एका कुटुंबाची कथा पाटिदेसनीय नियमांत आहे. पती-पत्नी दोघेही श्रद्धावान. श्रद्धा वाढत गेली आणि संपत्ती घटत गेली. सकाळचे अन्न भिक्षूंना देऊन ते कधीकधी स्वतः उपाशी राहत. लोक कुरकुरू लागले. तेव्हा अशा कुळाला संघाने औपचारिक कर्माने 'सेक्खसम्मत' ठरवावे, आणि आजारी नसलेल्या भिक्षूने निमंत्रणावाचून तेथे जाऊन अन्न घेऊ नये, असा नियम झाला. या नियमाचा अर्थ नीट पाहा. कोण किती देतो आणि देऊन त्याची काय दशा होते हे संघाला ठाऊक असावे, ते सर्व भिक्षूंना कळलेले असावे, आणि त्या माहितीचा उपयोग मागणे थांबविण्यासाठी व्हावा. उत्पन्नवाढीचे आधुनिक शास्त्र याच्या नेमके उलट चालते. जो सहज देतो त्याच्याकडे ते पुन्हा पुन्हा जाते. आपल्या संग्रहालयांचे दाते बहुतांशी रोजंदारीवरचे मजूर, अल्पभूधारक, लहान नोकरदार आहेत. एकाच माणसाने जयंतीला, वर्षावासात, अशोक विजयादशमीला आणि ६ डिसेंबरला दिले आहे हे जोडलेल्या नोंदीत दिसते. न जोडलेल्या चार वह्यांत दिसत नाही. आम्हाला जोडणीचे सर्वांत मोठे प्रयोजन हे वाटते. तक्त्यात एक रकाना 'या वर्षी विचारू नये' असा असलाच पाहिजे.

संमतीचेही तसेच. शाक्य महानामाने संघाला औषधांसाठी चार महिन्यांचे निमंत्रण दिले, मग आणखी चार महिन्यांचे, आणि शेवटी आजन्म. त्यावरून पाचित्तियांत नियम आला की, निमंत्रण ज्या मुदतीचे असेल त्या मुदतीपुरतेच मागावे. ते नव्याने किंवा कायमचे दिलेले असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या एका प्रसंगी सावत्थीतील एका समूहाने संघासाठी तयार केलेली चीवरे काही भिक्षूंनी आपल्याकडे वळविली. तेव्हा संघासाठी योजलेले दान जाणूनबुजून स्वतःकडे वळविणे निस्सग्गिय ठरले. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. संमती स्पष्ट असावी, सांगितलेल्या हेतूपुरतीच माहिती वापरावी, संमती मागे घेता यावी, ही त्या कायद्याची सूत्रे पालीच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटतील. सहलीच्या वेळी घेतलेला भ्रमणध्वनी क्रमांक निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या उमेदवाराच्या हाती पडला, तर तो वळविलेल्या चीवराचाच प्रकार होय.

आपल्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे आणि तो बोलून दाखविला पाहिजे. आडनाव आणि गाव एवढ्यावरून आपल्या देशात जात ओळखता येते. बाबासाहेबांच्या संग्रहालयाला देणगी देणाऱ्यांची यादी म्हणजे नाव, गाव आणि धम्मनिष्ठा यांची यादी. ती चुकीच्या हाती गेली, तर शहरात भाड्याने घर शोधणाऱ्याचे, खाजगी नोकरी करणाऱ्याचे किंवा खेड्यात सवर्णांच्या शेतावर राबणाऱ्याचे काय होईल हे वाचकांना सांगावयास नको. २०२० साली ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीवर खंडणीखोरांनी संगणकीय हल्ला केला. ही कंपनी हजारो धर्मादाय संस्था, विद्यापीठे आणि संग्रहालये यांच्या दात्यांच्या नोंदी सांभाळीत होती; एका ठिकाणी चोरी झाली आणि अनेक देशांतील संस्थांचे दाते उघडे पडले. म्हणून जोडावे, पण थोडेच साठवावे. जातीचा रकाना नसावा. मिळकतीचा अंदाज लिहू नये. तक्तेवही पाहण्याचा अधिकार दोघांना-तिघांनाच असावा, आणि ते संस्थेच्या ठरावाने नेमलेले असावेत. छंद, दोष, मोह, भय हे निकष त्यांना लावावयास हरकत नाही.

काही माहिती मात्र कायद्यानेच ठेवावी लागते. प्राप्तिकर सवलतीची देणगी घेणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून दात्यांचे वार्षिक विवरण प्राप्तिकर खात्याकडे सादर करणे आणि दात्याला प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला सवलत मिळेनाशी झाली ती त्याआधीच. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले. ते आपल्या लेखापालांकडून समजून घ्यावेत. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या संस्थेने हे विवरण नीट भरले तिच्यापाशी जोडणीची पहिली वही आयतीच तयार आहे.

रकमेवरून माणसांची प्रतवारी करण्याचा मोह मात्र होतोच. मज्झिमनिकायात घटीकार कुंभाराचे सुत्त आहे. काशीचा राजा किकी कस्सप बुद्धांना वर्षावासाचे निमंत्रण देतो. ते आधीच दुसरीकडे स्वीकारलेले असते, आणि राजा खिन्न होतो. इकडे घटीकार हा आंधळ्या, वृद्ध आई-वडिलांना पोसणारा कुंभार. भिक्षू त्याच्या घराचे छप्पर काढून नेतात, तेही तो घरी नसताना, आणि त्याला आनंदच होतो. रकमेच्या उतरत्या क्रमाने यादी लावली, तर राजा पहिला येईल आणि कुंभार यादीत येणारच नाही, कारण गवताची पावती कोण फाडतो? श्रमदान, सहली आणणे, घरातील जुनी पत्रे संग्रहालयाला देणे हे सारे म्हणूनच त्याच क्रमांकाखाली लिहिले पाहिजे.

प्रारंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यांना आम्ही जुन्या अभिप्राय-वह्यांकडे बोट दाखवू. त्यांत वर्षानुवर्षांची नावे आणि गावे पडून आहेत. दोन विद्यार्थ्यांनी सुटीत बसून त्या उतरवाव्यात आणि पावतीपुस्तकांशी ताडून पाहाव्यात. गाव लिहिताना तालुका आणि जिल्हा सोडू नये. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या दायकांची नावे ओळीने आहेत, त्यांत यवनही आहेत. पण धेनुकाकट नेमके कोठे होते यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, कारण लेखांत नुसते गावाचे नाव आहे. 'पिंपळगाव' एवढेच लिहिले, तर तीच गत होते. घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे, नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे. आणि पावती टपालाने पाठवावयाची असते ती यांपैकी एकाच गावी.